बैठकीत मिटवण्याची ही गोष्ट नव्हे

विदर्भातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर आता १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या फोनचा आकडा रंगवलेला असतो. वर्षातून एकदा तरी तालुक्याहून कुणी येतं, पोरं व्हरांड्यात रांगेनं बसतात, चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श समजावून सांगितला जातो. मुलं ते नीट लक्षात ठेवतात. तिसरीतली पोरगी न अडखळता सांगते की असं काही झालं तर ओरडायचं, तिथून पळायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. या कार्यक्रमांवर माझा आक्षेप नाही. ते हवेतच, दरवर्षी हवेत. पण आपली सगळी जागृती त्या आठ वर्षांच्या पोरीपाशी येऊन थांबली आहे. तिला वाचवायचं कामही आपण तिच्यावरच टाकून दिलं. ज्या मोठ्या माणसाला तिनं जाऊन सांगायचं, त्याच्यासाठी मात्र गावात कधी सतरंजी अंथरली गेलेली नाही.

खेड्यात मुलांचं लैंगिक शोषण थांबवायचं असेल तर जागृतीचा रोख गावातल्या कर्त्या माणसांकडे वळवला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. माय-बाप, आजी, सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, मुख्याध्यापक, दवाखान्यातला डॉक्टर. मुलानं तोंड उघडल्यावर पुढच्या दोन दिवसांत जे काही घडतं ते ही माणसं घडवतात. त्या दोन दिवसांत प्रकरण पोलीस ठाण्यात जाईल की गावातच पुरलं जाईल, हे ठरतं.

आधी कोण हे करतो ते पाहू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्रही त्या राज्यांत होता. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, किंवा ज्यांच्यावर त्या मुलाची जबाबदारी होती असे. पोलिसांपर्यंत गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर दरवर्षी दहापैकी नऊहून जास्त आरोपी ओळखीचे निघतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत दिसतं. शहरात ओळखीचा म्हणजे शेजारी, शिकवणीचा सर, व्हॅनचा ड्रायव्हर. खेड्यात सगळं गावच ओळखीचं. प्रत्येक पुरुष कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा भाऊ. पोरांना आपणच शिकवतो, काकाजी म्हण, पाया पड, त्यांनी बोलावलं की जा, खाऊ दिला की घे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना बाहेर आली तेव्हा आपल्याकडेही तालुक्याच्या चौकांत लोक जमले, मेणबत्त्या लागल्या, फाशीच्या घोषणा झाल्या. तो राग खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण दूरच्या गावातल्या अनोळखी आरोपीवर रागावणं सोपं असतं. आरोपी आपल्या भावकीतला असतो, आपल्याला वेळेला बी-बियाण्याला पैसे देणारा असतो, भजनी मंडळात पेटी वाजवणारा असतो, तेव्हा तोच राग कुठे जातो, हे गावानं स्वतःला विचारलं पाहिजे.

आपल्या भागात हंगामांचाही यात वाटा आहे. दसरा-दिवाळीला कापूस फुटला की बाया सकाळीच भाकर बांधून वेचायला निघतात आणि दिवस बुडताना परत येतात. भंडारा-गोंदियाकडे रोवणीचे दिवस असेच. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी घरातली सगळी मोठी माणसं पहाटे जंगलात असतात. मेळघाटातून होळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. लेकरं सोबत गेली तर भट्टीवरच्या झोपडीत राहतात, मागं राहिली तर म्हाताऱ्या आजीपाशी किंवा शेजाऱ्यापाशी. धाकट्यांना सांभाळणारी थोरली बहीण स्वतःच दहा वर्षांची असते. यावरून मायनं घरी बसावं असा अर्थ कुणी काढू नये. वेचणीच्या महिन्याभराच्या मजुरीवर घराचं पुढचं बरंच काही अवलंबून असतं. गावानं लेकरांची सोय करावी, एवढंच त्यातून निघतं: अंगणवाडीची वेळ हंगामात वाढवावी, शाळा सुटल्यावर दिवस बुडेपर्यंत पोरांना बसायला एक उघडी, चार लोकांच्या नजरेतली जागा असावी. ग्रामपंचायतीला हे न परवडणारं नाही.

आता ते दोन दिवस. मूल सरळ शब्दांत सांगत नाही. पोरगी म्हणते, माह्यं पोट दुखते. म्हणते, मी त्याईच्या घरी जात नाई. रात्री अंथरूण ओलं करते, शाळेत जायचं म्हटलं की रडते, जेवत नाही. माय खोदून विचारते आणि एकदा कळलं की तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "चूप बस, कोणाले सांगू नको." आजी म्हणते, "तू गेलीच कायले होती तिकडं?" पोरीला वाटतं चूक आपलीच होती. त्यानंतर ती पुन्हा कुणाला सांगत नाही.

ही माय दुष्ट नसते. ती भ्यालेली असते. नवऱ्याला कळलं तर तो कुऱ्हाड घेऊन निघेल नाहीतर तिलाच मारेल. गावभर झालं तर पोरीचं लग्न कोण करेल. ज्याचं नाव पोरीनं घेतलं त्याच्याच वावरात ती निंदायला जाते, त्याच्याच दुकानात तिची उधारी आहे. या भीतीला उत्तर न देता नुसतं "तक्रार करा" म्हणणारी जागृती तिला खोटी वाटते आणि ती तिच्या जागी बरोबर असते. म्हणून बचत गटांच्या बैठकांत मी जाते तेव्हा कलमांपासून सुरुवात करत नाही. लेकरू सांगायला आलं तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, इथून सुरुवात करते. "बरं केलं सांगितलं. तुही काही चूक नाई. मी आहो ना." एवढंच. मग खोदून खोदून विचारायचं नाही, पाच जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, त्या माणसासमोर उभं करून "खरं सांग" म्हणायचं नाही. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, दवाखान्यात नेण्याआधी आंघोळ घालायची नाही. बाया हे लगेच आत्मसात करतात. बऱ्याच जणी बैठक संपल्यावर थांबतात. त्या थांबण्यात त्यांच्या स्वतःच्या लहानपणाचं काय काय असतं, ते त्यांनी माझ्यापाशी विश्वासानं सांगितलेलं आहे आणि ते माझ्यापाशीच राहील.

घरात दबलं नाही तर गोष्ट बैठकीत जाते. याविषयी मला सविस्तर लिहायचं आहे, कारण खेड्यात न्याय सर्वांत जास्त वेळा इथं बुडतो. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा कुणाच्या तरी अंगणात चार समजदार माणसं बसतात. त्यात बाई बहुधा नसते. पोरीच्या बापाला समजावलं जातं: ठाण्यात गेला तर पोरीची बदनामी, कोर्टात दहा वर्षं, वकिलाचा खर्च, तुझं कापसाचं काय होईल. मग तोडगा निघतो. काही हजार रुपये. आरोपीनं पाया पडून माफी मागायची. त्यानं काही महिने बाहेरगावी राहायचं. पोरीला मामाच्या गावी पाठवायचं. पोरगी पंधरा-सोळाची असेल तर त्याच्याशीच किंवा कुणाशीही तिचं लग्न उरकायचं. वर्षभरात तो माणूस परत येतो, गणपतीच्या वर्गणीत पुढे असतो, आणि पोरगी शाळेतून कायमची गेलेली असते. त्याला कळून चुकतं की या गावात हे चालतं. पुढचं मूल कोणाचं, एवढाच प्रश्न उरतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिनं अनेक गावांचं भलं केलं हे मी मानते. धुऱ्याचं भांडण, पाण्याचा वाद, भावाभावातली वाटणी, यांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा गावातच समजुतीनं मिटलं तर ते चांगलंच. पण या मोहिमेनं एक सवयही पक्की केली. ठाण्यात गेलेलं प्रकरण म्हणजे गावाची नामुष्की, आणि पुरस्काराचा फलक लागलेल्या गावात गुन्हा दाखल होणं म्हणजे कमीपणा, अशी. लेकरावरच्या अत्याचाराला ही सवय लागू होता कामा नये. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यातले गुन्हे तडजोडीनं मिटत नाहीत. आई-बापानं सही केली तरी मिटत नाहीत. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीला नको तसा स्पर्श केल्याचा आरोप होता; घरच्यांनी तडजोड केली म्हणून तिथल्या उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला होता. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि अशा गुन्ह्याला दोन घरांमधली खासगी बाब मानता येणार नाही असं बजावलं. बैठकीत बसणाऱ्या चार समजदार माणसांना हे ठाऊक असायला हवं.

त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी, ती त्यांच्या स्वतःबद्दलची आहे. पॉक्सोच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवत असेल तर एक वर्षापर्यंत. मुलाला मात्र ही शिक्षा लागू नाही. म्हणजे बैठक घेऊन प्रकरण दाबणारा माणूस गावाचा हितचिंतक ठरत नाही, तो आरोपी ठरू शकतो. याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर, माहीत असून कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. हा निकाल आपल्या प्रत्येक आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या आणि खासगी दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लागायला हवा होता.

दवाखान्यांचा उल्लेख मुद्दाम केला. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत १३ वर्षांच्या एका मुलीच्या बेकायदा गर्भपाताचं प्रकरण उघड झालं आणि त्या खासगी रुग्णालयाच्या आवारात अर्भकांच्या कवट्या आणि हाडं सापडली. तेरा वर्षांची गरोदर मुलगी डॉक्टरसमोर येते तेव्हा तिच्यावर गुन्हा घडलेला आहे हे सांगायला आणखी कोणता पुरावा हवा?

मूल गप्प राहिलं, म्हणजे काही झालंच नसेल, किंवा तिची हरकत नसेल, ही समजूत तर आपल्या मातीत फार खोल गेली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरड केली नाही, असा आधार घेऊन. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. देशाचा कायदा ज्या मुलीमुळे बदलला ती आपल्या वडसा-देसाईगंजची होती. पुढे नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ मधला निकालही लोकांना आठवत असेल: कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सोखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेलं होतं. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल रद्द केला. न्यायालयं चुकली आणि दुरुस्तही झाली. गावाच्या मनातली दुरुस्ती बाकी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती कायदा मानतच नाही. "तिनं ओरडायचं होतं" या वाक्याला आता कुठेही जागा नाही.

आदिवासी मुलांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणारं सहा-सात वर्षांचं लेकरू आश्रमशाळेत येतं तेव्हा त्याला मराठी येत नसते. घर शंभर किलोमीटरवर, माय-बाप सणालाच भेटणार, तक्रार करायची ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाताखालच्या माणसाकडे, आणि तीही परक्या भाषेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलींचं शोषण उघड झालं, विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्यानंतर तक्रारपेट्या लागल्या, कॅमेरे आले, समित्या झाल्या. ज्या लेकराला मराठीत लिहिता येत नाही त्याला तक्रारपेटीचा काय उपयोग? प्रत्येक आश्रमशाळेत मुलांची भाषा बोलणारी, शाळेच्या पगारावर नसलेली एक बाई दर पंधरवड्याला येऊन मुलांशी एकांतात बोलेल, अशी व्यवस्था झाली तर ती सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा जास्त काम करेल. यवतमाळच्या झरी-जामणी भागातल्या कोलाम कुमारी मातांचा प्रश्न तर कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांत येतो आहे. बाहेरून आलेले ठेकेदार आणि त्यांची माणसं येऊन जातात, पोटात मूल राहतं ते पोरीच्या. त्यातल्या अनेकींचं वय काय होतं, हा प्रश्न गावात किती जणांनी विचारला?

मुलग्यांबद्दल तर आपण बोलतच नाही. २००७ च्या त्या अहवालात शोषण झाल्याचं सांगणाऱ्यांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त, ५२.९४ टक्के, मुलगे होते. ढोरं चारायला गेलेला, धाब्यावर कपबशा धुणारा, ट्रॅक्टरवर मदतीला बसलेला बारा वर्षांचा पोरगा काही सांगायला गेला तर लोक हसतात. पॉक्सोत मुलगा-मुलगी असा भेद नाही. पोलीस पाटलालाही हे सांगावं लागतं.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती पाहणं आणि जवळ ठेवणं हाही गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. पण गावच्या व्हॉट्सॲप गटावर दुसराच एक गुन्हा रोज चांगल्या हेतूनं होतो. घटना घडली की निषेधाच्या मजकुरासोबत पोरीचा फोटो, गावाचं नाव, बापाचं नाव फिरू लागतं. मुलाची ओळख उघड करणं कायद्यानं मना आहे. निषेध करायचा तर तिचं नाव गाळून करा. बदनामीची जी भीती तिच्या मायला गप्प करते, ती आपणच अशी खरी करत असतो.

"खेड्यातले लोक असल्या गोष्टी उघड बोलत नाहीत," असं मला अधिकारी सांगतात. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला तेव्हाही असंच म्हटलं जात असणार. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि जेमतेम ८ टक्के स्त्रियांची आधी कधी तपासणी झालेली होती. बाया बोलल्या, कारण आपल्या गावात येऊन, आपल्या भाषेत, कुणीतरी आदरानं विचारलं. त्याच जिल्ह्यातल्या बायांनी पुढे दारूविरुद्ध आंदोलन उभं केलं आणि १९९३ पासून तिथं दारूबंदी आली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि समोरच्या गर्दीकडूनच उत्तर काढून घेत. आपल्या गावांना बोलतं करण्याची रीत आपल्याकडे आहे. सप्ताहाच्या कीर्तनात, खंजिरीच्या भजनात, भुलाबाईच्या गाण्यांना जमणाऱ्या पोरींच्या मायांमध्ये, पोळ्याच्या दिवशी सगळे कास्तकार एकत्र असताना हा विषय निघाला पाहिजे. आणि पुरुषांसमोर निघाला पाहिजे. आज तो निघतो तो फक्त बायका-पोरांसमोर.

दुसरा आक्षेप, कायद्याचा गैरवापर होतो हा. त्यात तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपल्या मनानं कुणाबरोबर गेली, मुलगा दुसऱ्या जातीचा असला, की घरचे पॉक्सो लावतात. दोन्ही पोरांचं आयुष्य कोर्टात जातं. कायद्यानं यावर विचार करावा, न्यायालयंही त्याबद्दल बोलू लागली आहेत. पण सहा वर्षांच्या लेकराचा बाप ठाण्यात निघाल्यावर त्याला या प्रकरणांचे दाखले देणारा माणूस गैरवापराची चिंता करत नसतो. आणि लग्न लावून मिटवू म्हणणाऱ्यांना इतकंच सांगते, की अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑक्टोबर २०१७ ला ठरवलेलं आहे. तो तोडगा म्हणजे बालविवाहाचा नवा गुन्हा, आणि अत्याचार पुढे चालू ठेवायची सोय.

गावाला कायद्यातल्या काही गोष्टी कळल्या तर भीती बरीच ओसरते, हे मी पाहिलं आहे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हे पोलिसांनी पाहायचं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं घ्यायचा असतो. गावात जीप दारात आली की सगळ्यांना कळतं, म्हणून मावशीच्या गावी जबाब द्यायचा असेल तर तसंही मागता येतं. मराठी येत नसेल तर दुभाषा मिळतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, उपचार सरकारी-खासगी कुठल्याही रुग्णालयात मोफत, आणि गर्भ राहू नये म्हणून तसंच एचआयव्हीच्या बचावासाठी औषधं द्यायची तर ७२ तासांच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, अशी पाठवापाठवी होते तेव्हा हे तासच वाया जातात. कोर्टात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, न्यायाधीशामार्फत विचारतो. आरोपी मुलाच्या नजरेस पडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. बाल कल्याण समिती मुलासोबत एक सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. बहुतेक पीडित घरांना यातलं एकही आपणहून कुणी सांगत नाही.

राहिला गावानं काय करायचं हा प्रश्न. नवी समिती नको. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहेच. सरपंच तिचा अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. तिची बैठक शेवटची कधी झाली, हे ग्रामसभेत उठून विचारा. अंगणवाडीच्या बाईवर सगळं लोटून मात्र चालणार नाही. तिनं तोंड उघडलं तर तिच्यावरच गाव उलटतं, म्हणून कळवण्याचं काम समितीच्या नावानं व्हावं, एका बाईच्या नावानं नव्हे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा: लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचं कोणतंही प्रकरण तंटामुक्त समितीपुढे किंवा गावच्या बैठकीपुढे येणार नाही, आणलं गेलं तर त्याच दिवशी पोलिसांना कळवलं जाईल, आणि मिटवायला बसणाऱ्याचं नावही सोबत कळवलं जाईल. ठरावाच्या आदल्या दिवशी महिला सभेत तो वाचून दाखवावा, बायांना त्यात काय घालायचं ते घालू द्यावं. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या गावात तो त्या भाषेत वाचावा.

आणि त्याच ठरावात पैशाचीही तरतूद करावी. खटला विशेष न्यायालयात चालतो, ते बहुधा जिल्ह्याच्या गावी. भामरागडच्या बापाला गडचिरोलीची तारीख म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस, एसटीचं भाडं, दोघांची बुडालेली मजुरी. चार तारखा झाल्या की तो थकतो आणि मग आरोपीच्या घरून निरोप येतो. साक्षीदार फुटतात ते असे. ग्रामपंचायतीनं लोकवर्गणीतून थोडी रक्कम वेगळी ठेवावी, तारखेच्या दिवशी त्या घरासोबत गावातलं एक माणूस जावं, आणि हंगामाच्या दिवसांत त्यांची वेचणी शेजाऱ्यांनी आळीपाळीनं उरकून द्यावी.